पडवीतला वास

लग्न ठरलं तेव्हा माझ्या सासऱ्यांनी एकच अट घातली होती. हुंडा नको, मानपान नको, पण आमच्या घरात मासळी यायची नाही. माझ्या वडिलांनी बसल्या बैठकीला शब्द दिला. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, कारण नवरा मुलगा माझ्या थोरल्या भावाचा पुण्यातला वर्गमित्र होता आणि सुट्टीत दोनदा आमच्या घरी येऊन गेला होता. मला तो आवडला होता.

आम्ही वेंगुर्ल्याकडचे. जातीनं ब्राह्मणच, पण समुद्राकाठचे. आमच्याकडे सोमवार आणि एकादशी सोडली तर मासळीशिवाय पान वाढलं जात नसे. सासरची माणसं देशावरची, कडक. सासरे वडगावच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. ह्यांना लोणावळ्याच्या शाळेत मास्तरकी मिळाली म्हणून सगळं बिऱ्हाड लोणावळ्याला आलेलं. बाजाराच्या मागल्या अंगाला कौलारू घर भाड्यानं घेतलेलं होतं. माणसं मोजकीच: मामंजी, सासूबाई, हे आणि मी. ही एकोणीसशे तीस-पस्तीसच्या सुमाराची गोष्ट.

तिथला पाऊस मला नवा नव्हता. आमच्याकडेही पडतो. पण आमच्याकडे पाऊस पडतो आणि थांबतो, तिथे तो घरात राहायला येई. पडवीला बाहेरून पावसाच्या आडोशाला गवताच्या झडी बांधायच्या, धुणं शेगडीवर डालगं पालथं घालून त्याच्यावर वाळवायचं, तरी नेसताना लुगडं दमटच आणि धुराच्या वासाचं. त्या पावसाळ्यात मला दिवस गेले होते. सासूबाई रोज विचारत, "काय खावंसं वाटतं? सांग हो, डोहाळे मनात ठेवू नयेत."

मी सांगे, "चिंच."

खरं काय ते मी स्वतःलासुद्धा सांगत नव्हते. रात्रंदिवस मला आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं दिसे. आमटीत कोथिंबीर पडली की मला त्यात तिरफळाचा वास भासे. जेवताना मान खाली घालून मी भात गिळत असे, आणि कोणी माझ्या मनात डोकावेल की काय अशी भीती वाटे.

आषाढाच्या अखेरीस मोठं वादळ झालं. घाटाकडून वारा असा आला की शेजारच्या घराची कौलं आमच्या अंगणात येऊन पडली. दोन दिवस कोणी घराबाहेर पडलं नाही. वारा थांबला त्या सकाळी मी सरपण काढायला मागल्या पडवीत गेले आणि तिथेच उभी राहिले. वास येत होता. मासळीच्या तेलाचा, जुनाट, उग्र वास. आमच्याकडे पावसाळ्याआधी तारल्या येतात, त्यांचं तेल काढतात, तेव्हा सगळ्या वाडीला येतो तसा.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

मला वाटलं हे माझ्या डोक्यातलंच आहे. पोटुशी बाईला नसलेले वास येतात असं ऐकलं होतं. मी सरपण उचललं, चूल पेटवली, पण दिवसभर काही ना काही निमित्त काढून मी पडवीत जात राहिले. लाकडाजवळ उभी राहून डोळे मिटून श्वास घ्यायचा, आणि कोणाची चाहूल लागली की मुकाट कामाला लागायचं. लाज वाटत होती, पण जायचं सुटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई ताक घुसळता घुसळता थांबल्या. नाकपुड्या फुलवून म्हणाल्या, "कसला गं हा वास?"

मला आधी आनंदच झाला. म्हणजे मला भास होत नव्हता. मी चटकन बोलून गेले, "तुम्हालाही येतो ना? कालपासून येतोय."

"कालपासून? मग बोलली नाहीस ती?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि रवी बाजूला ठेवली. त्या नजरेचा अर्थ मला कोणी समजावून सांगायला नको होता.

मामंजी देवपूजा करून उठले होते. अंगावर सोवळ्याचा कद होता. ते पडवीच्या दारात आले, वास घेतला आणि परत माजघरात जाऊन उभे राहिले. माझ्याशी ते थेट कधी बोलत नसत. ते सासूबाईंना म्हणाले, "तिला विचार. चातुर्मास आहे घरात, एवढं फक्त लक्षात ठेवायला सांग."

"आई, मी काही आणलं नाही," मी म्हटलं. "शपथ घेते."

"शपथा नकोत," सासूबाई म्हणाल्या. "ट्रंक उघड."

नेमक्या त्या वेळी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या. वाटी हातात धरून त्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. त्यांना कोणी जा म्हटलं नाही आणि त्याही गेल्या नाहीत.

माझी पत्र्याची ट्रंक माहेरून आलेली. सासूबाईंनी ती माजघराच्या मधोमध ओढली. त्या स्वभावानं वाईट नव्हत्या. एकेक वस्तू त्या जपूनच बाहेर काढत होत्या, घडी मोडू न देता, आणि तेच मला जास्त लागत होतं. लुगडी निघाली, चोळ्या निघाल्या. आईनं बाळंतपणासाठी म्हणून जुन्या धोतरांचे मऊ तुकडे शिवून दिले होते, ते निघाले. मी पाळीच्या वेळी वापरायचे ते कपडेही निघाले, मामंजी समोर असताना. त्यांनी मान फिरवली. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. तळाशी एक पुरचुंडी होती. सासूबाईंनी ती सोडली, हुंगली आणि मामंजींना दाखवली.

"ही कसली फळं?" त्यांनी मला विचारलं.

"तिरफळं."

"कशाला लागतात?"

मला खोटं बोलता आलं असतं. आमच्याकडे कधी कधी डाळीतही तिरफळ घालतात. पण त्या वेळी मला तेवढंही सुचलं नाही. मी म्हटलं, "मासळीच्या कालवणाला."

काकूंच्या हातातली वाटी बांगड्यांवर किणकिणली. त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी पदर तोंडाला लावला.

"फक्त वास घ्यायला आणलीत," मी म्हटलं. हे म्हणताना माझं मलाच ते किती केविलवाणं वाटलं. उकडलेलं, तळलेलं काही खाल्लं असतं तर निदान काही केलं तरी असतं. मी वास घेत होते. पडवीत डोळे मिटून उभी राहत होते. त्यांचा संशय खोटा होता, पण मला पकडल्यासारखंच वाटत होतं.

एवढ्यात हे शाळेतून आले. पावसानं मुलं आली नव्हती म्हणून शाळा लवकर सुटली होती. उघडी ट्रंक, माझी लुगडी जमिनीवर, काकू उंबऱ्यात. ह्यांना सासूबाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे म्हणतील की ती असं करणार नाही. सगळ्या घरात मला ओळखणारं हेच एक माणूस होतं.

छत्री मिटवत हे अगदी मऊ आवाजात म्हणाले, "अगं, खाल्लं असशील तर सांगून टाक. कोणी रागावणार नाही."

ट्रंक उघडताना मी रडले नव्हते. हे ऐकून रडले.

मामंजी म्हणाले, "पुरे. वस्तू घरात असेल तर ती सापडेल." आणि कद वर खोचून ते स्वतः पडवीत गेले. लाकडाची चळत त्यांनी स्वतः हलवायला घेतली. हे मदतीला पुढे झाले तर त्यांना हातानंच थांबवलं. चळतीच्या मागे भिंतीला तळाशी एक भोक होतं. पूर्वी तिथून मोरीचं पाणी बाहेर जाई, मग ते दगडमाती घालून बुजवलेलं. वादळात ती माती वाहून गेली होती. वास तिथूनच येत होता. मामंजी वाकले आणि त्यांनी भोकात कोपरापर्यंत हात घातला. त्यांना वाटलं असणार, मी तिथे सुकटीची पुडी लपवली आहे.

ते एकदम ओरडले. हात बाहेर आला तो पिवळट तेलानं माखलेला. कदावर, जानव्यावर, छातीवर चिळकांड्या उडाल्या होत्या, आणि असा वास सुटला की काकू वाटी तिथेच टाकून घरी गेल्या. मामंजींच्या हातामागोमाग भोकातून एक काळं पाखरू बाहेर आलं.

बुलबुलाएवढं असेल. सगळं काजळीसारखं, फक्त शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. त्याला पायांवर उभं राहता येत नव्हतं. नडग्या जमिनीला टेकवून ते पंखांच्या आधारानं सरपटत होतं. कोपऱ्यात जाऊन थांबलं आणि धापा टाकायला लागलं. आम्ही चौघं त्याच्याकडे बघत उभे राहिलो.

दूध घेऊन जवळच्या कुरवंडे गावची एक मावशी यायची, ती तेवढ्यात मागल्या दारानं आत आली. नाकाला पदर लावून म्हणाली, "आवो, लय वास येतुया. ह्ये कसलं पाखरू? आमच्या रानात न्हाई बगितलं कदी असलं."

मी पुढे झाले आणि ते पदरात उचललं. वजन असं नव्हतंच. पायाच्या बोटांमध्ये बदकासारखा पडदा होता, आणि पडद्यावर पिवळा डाग. चोचीवर, जिथे नाक असावं तिथे, एक लहानशी नळी. माझ्या पदरातही त्यानं थोडं तेल ओकलं.

"हे समुद्राचं आहे," मी म्हटलं. "त्याच्या पोटात मासळी आहे. वास त्याचा आहे."

मामंजी तसेच ओल्या हातानं उभे होते. मग ते विहिरीवर गेले. त्या दिवशी त्यांनी किती वेळा अंघोळ केली कोण जाणे. रिठे झाले, राख झाली, चिंच झाली. जेवायला बसले तेव्हाही त्यांच्या हाताला तो वास होताच. दोन घास घेऊन ते उठले. सासूबाईंनी माझी लुगडी परत ट्रंकेत ठेवली, पूर्वीपेक्षा नीट. मला क्षणभर वाटलं होतं की खरं कळल्यावर माझी मान वर होईल. तसं झालं नाही. सगळ्यांच्याच माना खाली गेल्या, आणि त्या घरात खाली मान घातलेल्या चार माणसांनी एकमेकांना चुकवत कसं वावरावं हे कोणालाच कळेना.

पाखराला मी टोपलीत ठेवलं. सासूबाईंनी त्याच्यापुढे भाताची शितं ठेवली, दुधात भिजवलेला बोळा ठेवला. ते ढुंकूनही बघेना.

"खातं काय हे?" त्यांनी विचारलं.

"मासळीच खात असणार," मी म्हटलं, आणि तो शब्द त्या घरात मोठ्यानं उच्चारताना पुन्हा कानशिलं तापली.

दूधवाल्या मावशीनं भांडं उचललं. "बाजारात सुकट मिळंल की. मी आणू व्हय?"

ओसरीवरून मामंजी म्हणाले, "नको. मी जातो."

हे पुढे झाले. "आबा, तुम्ही कशाला? मी..."

"तू शाळेत मास्तर आहेस," मामंजी म्हणाले आणि छत्री घेऊन निघाले.

भर दुपारी, भर बाजारातून ते सुकटीची पुडी हातात घेऊन आले. पिशवीत घातली नव्हती, छत्रीआड धरली नव्हती. ज्यानं त्यानं पाहिलं. वाटेत एकानं विचारलंही म्हणे, काय हो, सुकट? मामंजींनी "हो" म्हटलं आणि पुढे चालू लागले. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, पाखरासाठी म्हणून सांगायचं तरी!"

"कोण विश्वास ठेवील?" ते म्हणाले. "आपण ठेवला का?"

या प्रकरणात त्यांच्या तोंडून एवढंच निघालं.

मी सुकट पाण्यात भिजवली, काडीनं त्याच्या चोचीशी धरली. त्यानं चोच उघडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते टोपलीत मेलेलं आढळलं, पंख अंगाशी नीट मिटलेले. पुढे खूप वर्षांनी पक्ष्यांचा नाद असलेल्या एका गृहस्थांना मी त्याचं वर्णन सांगितलं. ते म्हणाले, हे पाखरू जन्मभर भर समुद्रावर असतं, जमिनीवर येतं ते फक्त अंडी घालायला, आणि तेही रात्रीचं, बिळात. वादळानं घाटावर आणून टाकलं तेव्हा त्याला दुसरं काही सुचलं नसेल, सापडलं त्या भोकात शिरलं. त्या दिवशी मात्र आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं.

ह्यांनी परसात पपईच्या झाडाखाली खड्डा खणला. मी छत्री धरून उभी होते. पाखरू मातीआड झालं तरी हे उठेनात. कुदळीच्या दांड्याकडे बघत म्हणाले, "तुला एक सांगायचंय. पुण्याला असताना मी तुझ्या दादाबरोबर खात होतो. खानावळीत. बऱ्याचदा."

"काय?"

"मासळी. तुमच्या घरीही, त्या सुट्टीत, तू वाढत होतीस ना, तेव्हा मी नको म्हटलं. पण त्याच्या आदल्या दिवशी दादाबरोबर बंदरावर जाऊन खाऊन आलो होतो."

माझी ट्रंक उघडलेली असताना हा माणूस तिथे उभा राहून मला कबूल कर म्हणत होता. मी विचारलं, "मग काल मला तसं का म्हणालात?"

"मला खरंच वाटलं तू खाल्लं असशील. मी असतो तर खाल्लं असतं." आणि मग घाईनं, "आबांना सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. मामंजी होते तोवर नाही आणि नंतरही नाही. पण त्या दिवसापासून ह्यांच्यापुढे पदर सारखा करावासा वाटायचा तो निराळ्या कारणानं. मला त्यांची लाज वाटायला लागली होती, आणि नवऱ्याची लाज वाटते याची पुन्हा वेगळी लाज.

उरलेली सुकट फडताळात तशीच होती. पुढच्या दिवशी दुपारी सासूबाईंनी मला मागच्या पडवीत बोलावलं. तिथे त्यांनी शेगडी पेटवली होती, आणि फुटक्या कानाचा एक जुना तवा तिच्यावर ठेवला होता.

"पाट घे," त्या म्हणाल्या.

"आई, नको."

"डोहाळे दाबले तर पोराचे कान फुटतात. माझ्या घरातलं पोर आहे. बैस."

त्यांनी सुकट भाजली. आयुष्यात कधी न केलेलं काम, त्यामुळे अर्धी करपली. पदर नाकाला गच्च धरलेला, डोळ्यांतून पाणी. वर तिखट-मीठ आणि कच्चा कांदा, चातुर्मासात कांदा! पत्रावळीवर भात वाढला आणि त्या माझ्याकडे पाठ करून झडीच्या फटीतून पाऊस बघत उभ्या राहिल्या. मामंजी आधीच ओसरीवर जाऊन बसले होते. हे माजघरात पुस्तक तोंडासमोर धरून बसले होते, पान उलटल्याचा आवाज काही येत नव्हता. सगळ्या घरानं माझ्याकडे पाठ केली होती, मला खाता यावं म्हणून.

मी खाल्लं. सगळं खाल्लं. महिनोन्महिने ज्याच्यासाठी जीव टाकला होता ते तोंडात होतं आणि मला फक्त करपलेलं मीठ लागत होतं. पत्रावळीचा आवाज होऊ नये म्हणून मी घाससुद्धा हळू उचलत होते. शेवटी सासूबाईंनी न वळता विचारलं, "झालं?"

"झालं."

"हात बाहेर धू. आणि पुन्हा मागू नकोस हो."

मी मागितलं नव्हतं. पण मी "बरं" म्हटलं.

श्रावण लागला. बाजारातल्या रामाच्या देवळात श्रावणात पोथी लागे आणि ती मामंजी वाचत. वडगावलाही तेच वाचत, त्यांचा आवाज चांगला होता. त्या वर्षी देवळाकडून बोलावणं आलं नाही. कोणी काही म्हणालं नाही, नुसतं बोलावणं आलं नाही. पहिल्या दिवशी दुपारी ते धूतवस्त्र नेसून ओसरीवर बसून राहिले. मग आत जाऊन त्यांनी ते बदललं. सासूबाई मला घेऊन देवळात गेल्या, न जाणं जास्त दिसलं असतं म्हणून. पोथीपुढे एक तरुण भटजी बसले होते. बायकांनी आम्हाला जागा करून दिली, जरा जास्तच मोठी. शेजारच्या काकू दोन बायकांपलीकडे होत्या. मी मान खाली घालून बसले, सासूबाई मात्र ताठ बसल्या होत्या, भटजींच्या तोंडाकडे बघत, जणू त्यांच्याच नवऱ्यानं ते वाचलेलं ऐकायला आल्या आहेत.

घरी आल्यावर मामंजींनी विचारलं, "कुठवर आली पोथी?"

सासूबाईंनी सांगितलं.

ते माजघरात गेले, आपली पोथी सोडली आणि पुढचा अध्याय वाचायला लागले, मोठ्यानं, देवळात वाचत तसा, खोलीत ऐकायला कोणी नसताना. सासूबाई ओसरीवरच खांबाला टेकून खाली बसल्या. मी मोरीत भांडी घासायला घेतली होती. हातातलं पातेलं मी खाली ठेवलं, राखेचे हात तसेच धरले, आणि अध्याय संपेपर्यंत तिथेच बसून राहिले.